मॅन्युअल अपडेट करायचंय? आधी सही कुणाची ते ठरव

भावा, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात एचआर मॅन्युअल (नोकरीच्या नियमांचं पुस्तक) आणि एसओपी (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती) तुझ्या गळ्यात पडल्यात आणि ऑडिट तोंडावर आलंय, हे वाचून शिरोलीच्या कारखान्यातले माझे दिवस आठवले. सगळ्या कागदांची मास्टर लिस्ट, प्रत्येक आवृत्तीचा रिव्हिजन नंबर तुला माहीत असणारच, ते सोडतो.

आमचं घोडं सहीपाशी अडलं. 2017 मध्ये प्रसूती रजा 12 वरून 26 आठवडे झाली. सुधारलेलं पान आम्ही लगेच मुख्य कार्यालयाला पाठवलं. तिथल्या एका विभागाने ते दाबूनच ठेवलं. विचारलं की ‘लीगलकडे आहे’. लीगल म्हणायचं, ‘आमच्याकडे आलंच नाही’. इकडे लॅबमधल्या एका ताईंनी रजा मागितली. पगार 21,000 च्या वर, म्हणजे ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही, सगळा भार कंपनीवर. टाइम ऑफिसच्या क्लार्कने टेबलाच्या काचेखालचं लॅमिनेट केलेलं पान दाखवलं: 12 आठवडे, खाली कंपनीचा गोल शिक्का. कायद्यापुढे त्या पानाला काडीची किंमत नव्हती, पण क्लार्क शिक्क्यालाच मानणार ना! प्रकरण कामगार अधिकाऱ्यांपर्यंत गेलं, पैसे द्यावेच लागले आणि खुलासा लिहायला आम्ही. पान दाबणारे साहेब मजेत.

म्हणून आधी लेखी घे: सही कुणाची, ते रजेवर असले तर कुणाची, आणि किती दिवसांत. तोवर मजकुराला हात लावू नकोस.

कायद्यातले आकडे आणि कायद्यांची नावं मूळ मजकुरात नकोतच, सगळी एका परिशिष्टात टाक. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यांत गेले. ज्यांनी पानोपानी कायदे लिहिले होते ते अजून खोडत बसलेत. (मी वकील नाही. परिशिष्ट जाणकाराकडून तपासून घे.)

लॅमिनेशन बंदच कर. माझं मत टोकाचं वाटेल, पण लॅमिनेट केलेलं पान कुणी काढत नाही. नवी कॉपी देताना जुनी ताब्यात घे, फर्नेसवरच्या सुपरवायझरच्या ड्रॉवरमधली धरून.

आणि आयतं जाडजूड मॅन्युअल विकणारे येतील, त्यांना चहा पाजून वाटेला लाव. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअलची सक्तीच नाही. गाड्यांच्या कंपन्यांना कास्टिंग देत असाल आणि आयएटीएफ 16949 (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) असेल तर मात्र लागतं, ते आधी बघ.