१०० मैलांच्या घोडेस्वारीत २४ तासांनंतर दहा मिनिटांनी पोहोचलं तर सूट मिळते का?

नाही, मिळत नाही. कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस कपचंच घ्या. १९५५ पासूनची ही स्पर्धा ट्रकीजवळ पहाटे ५.१५ ला सुटते आणि ऑबर्नला दुसऱ्या दिवशी पहाटे ५.१५ ला संपते. रॉबिन्सन फ्लॅट आणि फॉरेस्टहिलचे एकेक तासाचे सक्तीचे थांबेही त्या २४ तासांतच मोजतात. वाटेतल्या ठाण्यांनाही वेळेची मर्यादा असते. ती चुकली की तिथूनच परत.

मला हा कडकपणा योग्य वाटतो, कारण घड्याळ सैल झालं की उशीर भरून काढायला लोक दमलेलं जनावर दामटतात आणि त्याची किंमत घोडा मोजतो.

मोकळीक आहे, पण ती दुसरीकडे. उतारावर खाली उतरून घोड्याबरोबर पायी धावा, कुणी अडवत नाही. त्याच्या पाठीला तेवढाच आराम. वेग कुठे वाढवायचा, कुठे सोडायचा, हेही तुमच्याच हातात.

पशुवैद्यांपुढे मात्र काही चालत नाही. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून ते ठोके मोजतात, हिरडी बोटाने दाबून रंग किती पटकन परततो ते पाहतात, मग घोडा दुडक्या चालीने पळवायला लावतात. लंगडला की बाद. वेळेत पोहोचून शेवटच्या तपासणीत नापास झालात, तरीही बाद. त्यामुळे दहा मिनिटांची काळजी शेवटी करू नका. प्रत्येक थांब्याला ठोके लवकर उतरतील अशा बेताने या. थांब्याआधीचा शेवटचा मैलभर घोड्यावरून उतरून चालत आलात, तरी ठोके उतरायची वाट पाहण्यातला बराच वेळ वाचतो.