यूएफओंवर सरकारने कधी आकडेवारी काढून नीट अभ्यास केलाय का?

हो केलाय की, अमेरिकन एअरफोर्सने. ओहायोतल्या बॅटेल इन्स्टिट्यूटला काम दिलं, त्यांनी १९४७ ते ५२ मधल्या सुमारे ३,२०० केसेस पंच कार्डांवर (तेव्हाच्या मशीनची भोकं पाडलेली कार्डं) चढवल्या आणि १९५५ ला 'स्पेशल रिपोर्ट नंबर १४' बाहेर आला. गंमत अशी की साधारण २२ टक्के केसेस 'अननोन', म्हणजे काय दिसलं ते न ओळखता आलेल्या, निघाल्या, आणि माहिती अपुरी होती म्हणून नाही हां, अपुऱ्या माहितीवाल्यांचा कप्पाच वेगळा होता. आणि साक्षीदार नि माहिती जितकी चांगली तितके अननोन जास्त, उत्तम केसेसमधे जवळपास तिसरा हिस्सा, फालतू केसेसमधे पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी! मला तर उलटं वाटलेलं. तरी रिपोर्टचा निष्कर्ष काय, तर तेव्हाच्या विज्ञानापलीकडचं तंत्रज्ञान असण्याची शक्यता फारच कमी.