घराची डागडुजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाऊस थांबून तीन-चार दिवस झाले तरी आमच्या गच्चीवर पाणी साचलेलं असतं. खालच्या खोलीत छताला ओल येते. सहा वर्षांत दोनदा वॉटरप्रूफिंग करून झालं. पहिलं वर्ष बरं जातं, मग येरे माझ्या मागल्या. आता तिसऱ्यांदा चांगल्यातला लेप लावून घ्यायचा विचार आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : कुठलाच नको, निदान एवढ्यात तरी. पाणी साचतं हे तुम्ही कळवलंत, पण नेमकं कुठे साचतं ते पत्रात नाही आणि मला तेच हवं होतं. लेप पाणी अडवतो, वाहून नेत नाही. दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला तर त्याच्या सांध्यात केसाएवढी फट असली तरी पुरते.

पुढचा पाऊस थांबला की खडू आणि पट्टी घेऊन वर जा. पातळ थर सुकायला वेळ द्या. साधारण 48 तासांनी जे डबकं उरेल ते आपलं. त्याच्या कडेनं कोरड्या जमिनीवर रेघ मारा, मधे पट्टी उभी धरून खोली मोजा, फोटो काढा. पाऊस सरला असेल तरी गच्ची बोलते. जिथे पाणी बसतं तिथे बारीक मातीची एकात एक वर्तुळं दिसतात. अगदी मधली माती सुकून खपल्यांसारखी कडेला वळलेली असते. काळपट शेवाळाचा पट्टा कुठे संपतो तेही बघा, पाणी तिथवर चढतं.

डबकं पाइपाच्या तोंडाशीच असेल तर आधी तोंड तपासा. एक बादली सरळ त्यात ओता आणि खाली कुणाला तरी उभं करा. पाणी गुडगुडत वर आलं तर पाइप तुंबलाय.

हे मी ठासून सांगतो, कारण एकदा तोंडावर पडलोय. माझ्याच गच्चीचं काम झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात घोटाभर पाणी. मी दोन दिवस पाणलेवल, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून उतार मोजत बसलो, सगळ्यांवर डाफरलो. शेवटी पाइपात हात घातला, तर पोत्याचा बोळा! माल आत पडू नये म्हणून मिस्त्रीनं कोंबलेला, काढायचा राहिलेला. काम बघून घेतलं होतं मी स्वतः. बोलणार कुणाला?

पाइप मोकळा असेल आणि तरीही तोंडाभोवती पाणी राहत असेल, तर थरावर थर चढून तिथे उंचवटा झालाय. तुमच्याकडे दोनदा काम झालंय, म्हणून माझा पहिला संशय यावरच. तोंडाभोवतीचा खुर्रा, म्हणजे पाणी गोळा होणारा खोलगट भाग, बाकी गच्चीपेक्षा थोडा खोलच हवा.

आता उतार. मीटरला 1 सेंटीमीटर, म्हणजे 1:100, हे मी कमीत कमी धरतो. 1:80 मिळाला तर उत्तम. तोंडापासून 6 मीटर लांबच्या कोपऱ्यात गच्ची 6 सेंटीमीटर उंच भरायला हवी. पारदर्शक नळीत पाणी भरून हे घरच्या घरी मोजता येतं, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका.

डबकं मधोमध असेल आणि दरवर्षी पसरत असेल, तर मात्र हात लावू नका. खालच्या खोलीत छताला दोन टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे लावून दोरा ताणा. मधे दोरा आणि छत यांतली फट ठोकळ्याच्या जाडीपेक्षा बरीच कमी भरली, तर स्लॅबला पोट आलं असू शकतं. चार-पाच मिलिमीटरचा फरक प्लास्टरचाही असतो. त्याहून जास्त दिसला, किंवा प्लास्टर फुगून गंजलेली सळई दिसू लागली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. खड्डा मालानं भरून काढायचा मोह होतो, पण 5 सेंटीमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे 100 किलो. वाकलेल्या स्लॅबवर आणखी बोजा! पाण्याचं वजनही काही कमी नाही. 3 बाय 3 मीटरचं, 5 सेंटीमीटर खोल डबकं 450 किलोचं होतं.

स्लॅब धड निघाला तर जुने थर स्लॅबपर्यंत काढून टाका. त्यांच्यावर तिसरा चढवू नका. आधी उतार, मग कठड्याच्या बुडाशी गोलाई, आणि वॉटरप्रूफिंग कठड्यावर वीतभर चढवलेलं. तोंड एकच असेल तर दुसरं काढून घ्या. ते कठड्यातून, जरा उंचावर असलं तरी चालेल. पहिलं तुंबलं तर तिथून पडणारी धार खालून दिसते.

लेपाच्या कंपनीबद्दल हे सगळं झाल्यावर विचारा.

प्रश्न : पाइपाच्या तोंडावरची जाळी पानांनी सारखी भरते. काढून टाकली तर?

उत्तर : नको. मग तीच पानं पाइपाच्या वळणात जाऊन बसतील आणि तिथे हात पोचणार नाही. सपाट जाळी एका मोठ्या पानानंही झाकली जाते. तिच्या जागी घुमटासारखी उभी जाळी बसवा. बुडाशी कचरा साठला तरी वरच्या भोकांतून पाणी जातं. पावसाळ्यात आठवड्यातून एक चक्कर मात्र मारावीच लागेल.