वडिलांच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी (शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींकडून कॅन्सरशी लढवणारे उपचार) लागू पडेल का, हे लॅबमध्ये गाठ वाढवून आधी कळतं का?

नाही, आज तरी त्यावरून तुमच्या वडिलांचं औषध ठरत नाही. परळच्या डॉक्टरांनी ‘ते संशोधनापुरतं आहे’ म्हटलं ते बरोबरच आहे. मी इथे मुंबईतच पेशी वाढवण्याच्या लॅबमध्ये काम करते. सपाट बशीत कॅन्सरपेशी एका थरात पसरतात, वरून टी-पेशी (कॅन्सरपेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) सोडल्या की थेट जाऊन भिडतात आणि औषध उगाच भारी वाटतं. खऱ्या गाठीत बराचसा भाग कॅन्सरपेशींचा नसतोच, कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचं चिवट जाळं असतं. टी-पेशी त्याच्या बाहेरच अडकतात. थेंबभर जेलमध्ये वाढवलेल्या गोळ्याभोवती हे अडकणं मायक्रोस्कोपखाली चक्क दिसतं. पण नुसत्या ऑर्गनॉइडमध्ये, म्हणजे अशा गोळ्यात, कॅन्सरपेशीच असतात. फायब्रोब्लास्ट (कोलॅजन बनवणाऱ्या पेशी) आणि रोगप्रतिकारक पेशी वेगळ्या घालाव्या लागतात. शिवाय बायोप्सीतून गोळे वाढायला काही आठवडे जातात, कधी वाढतच नाहीत. त्यापेक्षा बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावर) एमएमआर तपासणी, म्हणजे पेशींची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे का याची तपासणी, झाली का, ते विचारा. हा दोष जेमतेम १-२ टक्के रुग्णांत निघतो, पण निघाला तर आधीचे उपचार थकल्यावर पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा पर्याय असतो; अमेरिकेत अशा गाठींसाठी ते २०१७ पासून मंजूर आहे.