वाचकांचे प्रश्न : नाइट, भालाईत आणि एप्रिलचं ऊन

प्रश्न : आम्ही दोघं मित्र छोट्या फिगर घेऊन मध्ययुगीन नाइटांचा, म्हणजे युरोपातल्या चिलखती घोडेस्वारांचा, वॉरगेम पटावर खेळतो. हुकूम देताना दोन फासे टाकायचे. घोड्यावरच्या नाइटांना धावून जायला ५, तिरंदाजांना बाण सोडायला ७ किंवा जास्त लागतात. एक हुकूम फसला की पाळी संपली. घोड्यांची चाल १० इंच, बाणाचा पल्ला १८. नाइट सगळ्यांत महाग, तरी आधी तेच मरतात. कुठं चुकतंय? (परभणी)

उत्तर : बहुधा हुकमांच्या क्रमात. दोन फाशांवर ५ किंवा जास्त पडण्याची शक्यता ८३ टक्के, ७ किंवा जास्तची ५८. तिरंदाजांना आधी हुकूम दिलात तर त्याच पाळीत नाइट निघण्याची शक्यता ४९ टक्क्यांवर घसरते. नाइटांना आधी दिलात तर ती ८३ राहते. दोन्ही हुकूम पार पडण्याची शक्यता मात्र कोणत्याही क्रमाने ४९च. म्हणून ज्या पाळीत घोडे निघालेच पाहिजेत, तिथं पहिला हुकूम त्यांचा. बाणांचं काम आदल्या पाळीतच उरका.

मग अंतर. १६ इंचांवरून निघालात तर १० इंच जाऊन शत्रूपासून ६ इंचांवर, उघड्यावर थांबता. तिरंदाजांना याहून सोपं काय हवं? झाडीच्या किंवा घराच्या आडून १० इंचांच्या आत पोचा आणि तिथून एकाच चालीत भिडा. पटावर आडोसाच नसेल तर दोष नाइटांचा नाही, पटाचा. ४ फूट बाय ४ फूट पटावर झाडी, कुंपण, घर असे पाच-सहा अडथळे हवेतच.

टेकडीवर दाटून उभ्या भालाईतांवर तर समोरून जाऊच नका. १३०२ साली कोर्त्रे इथं (आजच्या बेल्जियममध्ये) फ्लेमिश पायदळानं ओढ्यांमागे उभं राहून समोरून आलेल्या फ्रेंच नाइटांची दाणादाण उडवली. आधी बाणांनी तुकडी निम्मी करा, मग घोडे सोडा.

प्रश्न : स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) मारल्यावर फिगर वाळूच्या कागदासारख्या खरखरीत झाल्या. डबा खराब होता का? (लातूर)

उत्तर : डबा नाही, ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी रंगाचे थेंब फिगरपर्यंत पोचण्याआधी हवेतच सुकतात आणि भुकटी होऊन चिकटतात. सकाळी लवकर, सावलीत, वारा नसताना मारा. डबा दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटिमीटरवर धरा, झटपट फटकारे मारा. फार लांबून मारलं तरी हेच होतं. झालेला थर काढायचा तर कडक प्लॅस्टिकच्या फिगर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशनं घासा. अॅसिटोन फक्त धातूच्या फिगरना. प्लॅस्टिक त्यात विरघळतं.

अॅक्रिलिक रंगही थाळीत मिनिटाभरात घट्ट होतो. बसक्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद पसरा आणि रंग त्यावर घ्या. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. फिगर उन्हातल्या गाडीत राहून भाले वाकले असतील तर गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

प्रश्न : पटावर मांडायला तयार झाडं परवडत नाहीत. काय वापरावं? (जालना)

उत्तर : पऱ्हाटी! तिच्या वाळक्या फांद्यांची टोकं २८ मिलिमीटरच्या फिगरशेजारी हुबेहूब झाडं दिसतात. चार-पाच इंचांचे तुकडे तोडा, बोंडांची टरफलं काढा आणि कीड असेल तर आठवडाभर उन्हात टाका. जमिनीला चाळलेला मुरूम पांढऱ्या डिंकावर भुरभुरवा. काळी माती नको. ओली होऊन सुकली की भेगाळते.

प्रश्न : याच नियमांवर देवगिरी खेळता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : येईल, पण नाइटांना फक्त रंग बदलून खलजी स्वार करू नका. त्यातल्या काही तुकड्यांना घोड्यावरून बाण सोडू द्या, आणि हाताघाईत त्यांना नाइटांपेक्षा कमी फासे द्या. १२९६ साली अलाउद्दीन खलजी आला तेव्हा यादवांची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती, म्हणून त्यांच्या निम्म्या तुकड्या पाचव्या पाळीपासून पटाच्या कडेनं आणा. गडावर धान्य समजून चढवलेली पोती मिठाची निघाली, असं सांगतात. सहा पोती उपडी मांडा, तिघांच्या तळाला मिठाची खूण करा. यादवांची तुकडी पोत्याला पोचली की मगच ते उलटायचं. गुण फक्त धान्याला.