ऑपेरा सोडून ऐकण्यासारखा एखादा इटालियन संगीतकार आहे का? सुरुवात कुठून करू?

आहे ना. ऑत्तोरिनो रेस्पिगी.

तुम्ही लिहिलंय की वेर्दी-पुच्चीनी ऐकायला बसलं की भाषा आडवी येते, नुसत्या वाद्यांचं काहीतरी हवंय. माझंही अगदी हेच झालं होतं. इटलीत तेव्हा ऑपेराचा दबदबाच असा होता की फक्त ऑर्केस्ट्रासाठी लिहून नाव कमावणं कठीण. ऑपेरे रेस्पिगीनंही लिहिले, पण आज ते कोण ऐकतं! तो टिकला तो ऑर्केस्ट्रामुळे.

जन्म १८७९चा, बोलोन्याचा. मूळचा व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणारा. १९००च्या सुमारास रशियात सेंट पीटर्सबर्गला इटालियन ऑपेराच्या मोसमात व्हायोला वाजवायला गेला आणि तिथे त्याला रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव गुरू म्हणून मिळाला. शिकवणी थोड्याच महिन्यांची, पण कुठलं वाद्य कुठल्या वाद्याशेजारी ठेवलं की काय रंग येतो, हे त्याच्या हातात बसलं ते कायमचं.

१९१३ साली तो रोमच्या सांता चेचिलिया या संगीतसंस्थेत शिकवायला आला आणि हे शहर त्याला लागलंच. आधी ‘रोमची कारंजी’ (१९१६): चार कारंजी, पहाट ते सूर्यास्त असे चार प्रहर. १९१७मध्ये रोमलाच पहिला प्रयोग झाला आणि चक्क पडला. पुढच्या वर्षी तोस्कानिनी या नामांकित ऑर्केस्ट्रा-संचालकानं मिलानमध्ये तेच वाजवलं, तेव्हा लोकांना कळलं की हे काय आहे.

पण सुरुवात करा ‘रोमचे पाइन’ (१९२४) पासून. पाइन म्हणजे पाइनची झाडं. वीस-बावीस मिनिटांचं, चार भागांचं. पहिल्या भागात बागेत पोरं खेळतायत. त्यातल्या चाली एल्सानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लहानपणी त्याच बागेत गायलेल्या. त्यानं तिच्याकडून त्या म्हणवून घेतल्या. इथे खालचे स्वर जवळजवळ नाहीतच, सगळा नुसता किलबिलाट. दुसऱ्यात भूमिगत दफनस्थळांची गंभीर शांतता. तिसऱ्यात चांदणं, क्लॅरिनेट, आणि शेवटी खरा बुलबुल! ‘नाइटिंगेल’ म्हणतात तो, आपला बुलबुल नव्हे. वाद्यावर पक्ष्याची नक्कल करण्याऐवजी त्यानं सरळ ग्रामोफोनची तबकडी लावायला सांगितली, कुठली ते नंबरासकट स्वरलेखनात लिहून. १९२४ साली!

आणि चौथा भाग. आपिया या प्राचीन रस्त्यावर धुक्यातल्या पहाटे रोमन सैन्य येतंय. तळाशी एकच स्वर धरलेला, तानपुऱ्याचा खर्ज असतो तसा, आणि त्यावर पावलांचा ठेका. सुरुवातीला जेमतेम ऐकू येतो. गणपतीत दुरून पथक येताना आधी फक्त ढोलाचा ठोका छातीला जाणवतो, ताशा वळणावर आल्यावर कळतो, तसं. मग एकेक पितळी वाद्य मिसळत जातं. प्राचीन रोमन तुताऱ्यांसाठी त्यानं सहा वादक वेगळे मागितलेत आणि खाली ऑर्गनही घातलाय. शेवटी सभागृह हादरतं.

थोडं खटकणारंही सांगतो. मुसोलिनी सत्तेवर आला १९२२मध्ये, आणि हा विजयी कूच दोनच वर्षांनंतरचा. मुसोलिनीला रेस्पिगीचं संगीत आवडायचं. रेस्पिगी स्वतः राजकारणात पडणारा नव्हता, पण १९३२मध्ये आधुनिक संगीताविरुद्धच्या एका जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. मला तो शेवट ऐकताना रोमांच येतात आणि जरा अवघडल्यासारखंही होतं, दोन्ही एकदमच.

‘रोमचे उत्सव’ (१९२८) हा या मालिकेतला तिसरा तुकडा. माझ्या मते नुसता गोंगाट. घाईनं ऐकू नका.

त्यापेक्षा ‘पक्षी’ घ्या. सतराव्या-अठराव्या शतकातल्या जुन्या चाली, छोट्या वाद्यवृंदासाठी नव्यानं बांधलेल्या. त्यातली ‘कोंबडी’ ऐका, व्हायोलिनं अक्षरशः दाणे टिपतात. माझी पाच वर्षांची भाची त्यावर मान पुढेमागे करत अख्खं घर फिरते. ‘प्राचीन धुना आणि नृत्यं’ यांतला तिसरा संच (१९३१) फक्त तंतुवाद्यांचा आहे, रात्री ऐकायला उत्तम.

रेस्पिगी १९३६मध्ये गेला, वय अवघं ५६. एल्सा स्वतः संगीतकार, त्याचीच विद्यार्थिनी. ती त्याच्यामागे साठ वर्षं जगली, १९९६पर्यंत, आणि त्याचं चरित्रही तिनं लिहिलं.

एक विनंती, ‘पाइन’ मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. मी पहिल्यांदा तसंच ऐकलं होतं. चौथा भाग सुरू झाला तेव्हा काहीच ऐकू येईना, वाटलं नेट गेलं, आणि बंद केलं.