राजीनाम्याआधी सहा महिने एका पगारात राहून बघा

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नऊ वर्षांचा. बीजगणित तोंडी सोडवतो, पण तेच उत्तर वहीत उतरवायला अर्धा तास लागतो आणि खाडाखोड करून कागद फाटतो. डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण), दोन्ही. शाळेत त्याला आळशी ठरवलंय. त्याला घरी शिकवायला नोकरी सोडावी का, आणि पगाराची तूट निवृत्तीच्या निधीतून भरावी का?

घरी शिकवायला माझा मनापासून होकार आहे. निधी मोडायला ठाम नकार.

शाळेची फी वाचेल, असं तुम्ही लिहिलंय. वाचेल, पण या हिशेबात ती किरकोळ आहे. तुमचं वय ३८. वार्षिक ८ टक्के परतावा धरला तर पैसे साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतात, म्हणजे ५६व्या वर्षी चौपट. आज काढलेले शंभर म्हणजे तेव्हाचे चारशे गेले. महागाई त्यातलं बरंच खाईल, पण तेव्हाचा तुमचा घरखर्चही तिनेच वाढवलेला असेल.

म्हणून आधी सहा महिने घर फक्त पतीच्या पगारात चालवा. तुमचा पगार वेगळ्या खात्यात, हात न लावता. निभावलं तर पुढची तूट भरायला रक्कम तयार असेल. नाही निभावलं तर ते नोकरी हातात असतानाच कळेल. दरम्यान कचेरीत अर्धवेळ कामाचं किंवा वर्षभराच्या बिनपगारी रजेचं विचारा. एकट्या मुलाला शिकवायला शाळेइतके तास लागत नाहीत, तेव्हा अर्धवेळ जमण्यासारखं आहे.

पहिला खर्च सविस्तर चाचणीवर करा. ६ ते १६ वयासाठीच्या वेक्स्लर बुद्धिमत्ता चाचणीच्या पाचव्या आवृत्तीत पाच मुख्य निर्देशांक, म्हणजे वेगवेगळ्या क्षमतांचे वेगळे गुण, असतात. अशा मुलाचं शाब्दिक आकलन किंवा तर्क खूप वर आणि प्रक्रियेचा वेग, म्हणजे सोपी कामं झटपट उरकण्याचा वेग, खाली असू शकतो. एकच आकडा काढला की हुशारी आणि अडचण एकमेकांना झाकतात आणि मूल 'साधारण' दिसतं. त्यामुळे अहवालात घटकवार गुण मागून घ्या. पुढे परीक्षेत जादा वेळ मागतानाही तो लागेल.

वाचनासाठी ऑर्टन-गिलिंगहॅमसारख्या, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड टप्प्याटप्प्याने शिकवणाऱ्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका लागेल, आठवड्यातून काही वेळा, बहुधा काही वर्षं. हा खर्च एकदाचा समजू नका, दरमहाच्या अंदाजपत्रकात धरा. पण सगळा पैसा उणिवेवरच ओतू नका, ही माझी कळकळीची विनंती. टायपिंग, बोललेलं लिहून देणारं सॉफ्टवेअर, ऐकायची पुस्तकं यांना तुलनेने थोडा खर्च येतो, आणि त्याचं गणित हाताच्या अडचणीतून मोकळं होतं.

घर एकाच पगारावर येणार, तेव्हा पतीचा मुदत विमा आधी वाढवा. कुटुंबाचा आरोग्य विमा तुमच्या नोकरीतून असेल तर राजीनाम्याआधी स्वतंत्र घ्या. आणि घरी शिकवणं हे पूर्ण काम आहे, म्हणून पतीच्या पगारातून दरमहा काही रक्कम तुमच्या नावाच्या निवृत्ती खात्यात जायलाच हवी, थोडी का होईना, पहिल्या महिन्यापासून.